मुख्तारभाईंनी पास केलेलं मशीन

कुठलंही मशीन विकत घेण्याआधी मुख्तारभाई त्यावर पाण्याने काठोकाठ भरलेला ग्लास ठेवायचे. स्टीलचा तो ग्लास ते घरूनच पिशवीत घालून नेत. दुकानात शिरल्याबरोबर पाणी मागत. दुकानदाराला वाटे, म्हातारा उन्हातून आलाय, तहानला असेल. मुख्तारभाई मात्र तो भरलेला ग्लास मशीनच्या पाठीवर ठेवून म्हणायचे, "आता लावा बटन." मशीन सुरू झालं की ते मशीनकडे बघतच नसत, पाण्याकडे बघत. पाणी नुसतं थरथरलं तर चालायचं, काठावरून ओघळलं तर ते पिशवी उचलून सरळ रस्त्यावर येत. आणि सांडलं नाही तर तेच पाणी उभ्याउभ्या गटागटा पिऊन, मिशा पुसत, दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "पास!"

नांदुऱ्यात स्टेशनच्या रस्त्याला त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. जळलेल्या पंपाच्या मोटारी उघडायच्या, आतली काळी पडलेली तार काढायची, नवी तांब्याची तार भरायची, हा त्यांचा धंदा. पण गावात नाव होतं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. कुणाला पिठाची चक्की घ्यायची असो, कडबा कापायचं यंत्र असो की विहिरीवरचा पंप, माणसं त्यांना सोबत घेऊन जात. ते त्यासाठी काही घेत नसत. त्यांना हवं असे ते वेगळंच. चार माणसांनी म्हणावं, मुख्तारने हो म्हटलं म्हणजे बघायचं काम नाही. ते वाक्य कानावर पडलं की ते मान खाली घालून हसत आणि उगाच पक्कड इकडची तिकडे ठेवत. "आपली जबान म्हनजे कंपनीची ग्यारंटी," हे त्यांचं आवडतं बोलणं. "कंपनी बंद पडते, जबान नाई पडत."

माझा त्यांच्याशी संबंध आला तो पावश्यांमुळे. विळीला आमच्याकडे पावशी म्हणतात. माझे वडील जिनिंगच्या कारखान्यात फिटर होते आणि सुट्टीच्या दिवशी घरी पावश्या, खुरपी, सुऱ्या बनवत. मुलगा नव्हता म्हणून नव्हे, मला आवडायचं म्हणून मी त्यांच्याजवळ बसून कानस चालवायला शिकले. लग्नानंतर हे काम सुटलं आणि मुलगी शिकायला बाहेर गेल्यावर पुन्हा धरलं. माझे यजमान प्रकाश रेल्वेत पॉइंट्समन. त्यांनी घरामागे पत्र्याची शेड टाकून दिली. बाजाराच्या दिवशी मी माझा माल घेऊन बसायची आणि बाया दुसऱ्यांदा यायच्या, सोबत नणंदेला घेऊन.

अडचण होती ती धारेची. माझ्याकडे दगडाच्या चाकाचं साधं ग्राइंडर होतं. त्यावर पातं जरा जास्त वेळ धरलं की तापून निळं पडायचं, आणि निळं पडलेलं पोलाद मऊ होतं, त्याची धार टिकत नाही. कानशीने घासावं तर खांदा भरून यायचा. मोबाइलवर मी पट्ट्याचं मशीन पाहिलं, बेल्ट ग्राइंडर. दोन-तीन चाकांवरून खरखरीत पट्टा पळतो, त्याला पातं लावलं की सपाट, एकसारखं घासलं जातं आणि तापतंही कमी. मला ते हवंच झालं. प्रकाश म्हणाले, "मुख्तारभाईले इचारू."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दारात हजर. "जय भीम, ताई." नेहमीचा त्यांचा हा नमस्कार. प्रकाशनी "सलाम, मुख्तारभाई" म्हणत खुर्ची दिली, पण ते बसले नाहीत. थेट शेडमध्ये गेले. मला वाटलं होतं मशीनची नावं सांगतील, मोटारीची ताकद सांगतील. त्यांनी आधी मलाच उभं केलं.

"हात असा वाकवा. कोपर कुठं येते?" त्यांनी भिंतीवर कोळशाने रेघ मारली. "काम टेकवाचा टेबल या रेघीच्या वर नाई आला पायजे. नाईतर खांदे चढतेत अन् मानूस थकते. थकलेल्या मानसानं मशीन चालवू नये."

मग उजेड कुठून येतो ते पाहिलं. संध्याकाळी दिवे मिणमिणतात का, ते विचारलं. मी सर्वांत जास्त काय घासते, किती लांबीचं, सरळ की वाकडं, डाव्या हाताने धरते की उजव्या, सगळं विचारून घेतलं. "मशीन पाह्याच्या आंधी मानूस पाहा लागते, ताई. लोक उलटं करतेत. मशीन आनतेत अन् मंग मानूस तिच्यात बसवतेत."

तेवढ्या बोलण्यावर माझा त्यांच्यावर जो विश्वास बसला, तो सख्ख्या भावावर बसावा तसा.

मशीन पाहायला आम्ही तिघं पॅसेंजरने अकोल्याला गेलो. एका मोठ्या दुकानात तीन मशीनं होती. पहिलं दिसायला दांडगं. मुख्तारभाईंनी मोटारीची पाटी वाचली आणि मान हलवली. "हे संध्याकाळच्या आपल्या लाइनीवर उठनारच नाई. म्हशीसारखी बसून राहीन." दुसरं सुरू केलं तर पट्टा हळूहळू चाकाच्या कडेला सरकायला लागला. दुकानदाराने स्क्रू फिरवून तो मध्ये आणला, तो पुन्हा सरकला. "चाकं एका रेघेत नाईत," मुख्तारभाई म्हणाले. "हा पट्टा एक दिवस उतरन अन् तुमच्या तोंडावर येईन." तिसरं मात्र त्यांना आवडलं. मोटारीला हाताची पालथी बाजू लावून पाहिली, कान लावून बेअरिंगचा आवाज ऐकला, पट्टा मधोमध पळत होता. वेग कमीजास्त करायचं बटण होतं. या मापाचे पट्टे इथे मिळतात का, तेही विचारून घेतलं. मग ग्लास ठेवला. पाणी जवळजवळ हललंच नाही. तोवर दुकानात आलेली इतर गिऱ्हाइकंही आमच्याभोवती जमली होती. त्यांच्या देखत मुख्तारभाई पाणी प्यायले आणि गरजले, "पास! डोळे झाकून न्या."

एक जण म्हणाला, "चाचा, आमच्यासाठी बी एक पाहून द्या ना." मुख्तारभाई हसत मान डोलावत होते. डोलावता डोलावता त्यांनी मशीनच्या, काम टेकवायच्या छोट्या टेबलावर अंगठा दाबला, मग हात काढून घेतला आणि रुमालाला पुसला. मी ते पाहिलं, पण त्यात काही पाहण्यासारखं आहे असं मला वाटलं नाही.

मशीन घरी आलं. मुख्तारभाईंनी स्वतः बसवून दिलं, कोळशाच्या रेघेला बरोबर. पुढचे काही महिने माझे फार चांगले गेले. पातं निळं पडेना. सुरीची पाठ आरशासारखी निघायची. नांदुऱ्याच्या बाजारात पुरेना म्हणून मी शेगावच्या रस्त्यावरच्या एका भांड्यांच्या दुकानाला माल देऊ लागले. मुख्तारभाई अधूनमधून कुणाला तरी मशीन दाखवायला घेऊन यायचे. "अख्ख्या तालुक्यात असी मशीन नाई. कोनं पाह्यली? मीनं." प्रत्येक वेळी ते लोकांना लांबूनच दाखवत, जवळ जात नसत. हेही मला पुढेच आठवलं.

अपघात भर दुपारी झाला. मी काही घाईत नव्हते, थकलेही नव्हते. एका पावशीचं पातळ पातं टेबलावर टेकवून घासत होते. जरा जोर दिला तसं टेबल खाली लवलं. पट्टा आणि टेबल यांच्यामध्ये फट पडली, पात्याचं टोक त्या फटीत ओढलं गेलं आणि त्याच्या मागे माझा डावा हात. आवाज फार झाला नाही. मी हात मागे घेतला तेव्हा पहिल्या दोन बोटांची टोकं नखांसकट गेलेली होती. शेजारच्या काशीबाईंनी लुगड्याने हात बांधला, प्रकाशना ड्यूटीवरून बोलावून घेतलं. डॉक्टरांनी जेवढं वाचवता आलं तेवढं वाचवलं.

दवाखान्यात सगळे येऊन गेले. विहारातल्या बाया आल्या, प्रकाशचे साहेब आले, बाजारात माझ्या शेजारी बसणारी कांदेवाली आली. मुख्तारभाई आले नाहीत. मी घरी आले तरी ते आले नाहीत. मला वाटलं, आजारी असतील. मग एकदा प्रकाशनी सांगितलं, "स्टेशनच्या रस्त्यानं जाऊन राह्यलो होतो. मुख्तारभाईनं मले पाह्यलं अन् दुकानाचं शटर खाली ओढलं. आतून."

मला तेव्हा त्यांचा विचार करायला सवड नव्हती. माझीच मला इतकी लाज वाटत होती. पट्टी निघाल्यावर ती आखूड, गुलाबी बोटं मला माझी वाटेनात. बाजारात गेले तर हात पदराखाली धरायची. सुटे पैसे उजव्याच हाताने काढायची, पिशवी पाडायची. भेटणाऱ्या बाया चांगल्या मनाने बोलायच्या, पण बोलायच्या तेच. "बाईच्या जातीनं मशीनवर कायले जाव, माय?" वडिलांनी शिकवलेलं काम, ज्याचा मला अभिमान होता, ते चोरून केल्यासारखं वाटायला लागलं. शेडला मी कुलूप घातलं. कुणी पावशी मागायला आलं की सांगायची, आता नाही करत. जोर मीच जास्त दिला, चूक माझीच असणार, हे मी मनाशी धरलं होतं. मुख्तारभाईंनी पास केलेलं मशीन, त्यात काय चूक असणार?

एक दिवस शमीमभाभी आल्या, मुख्तारभाईंच्या बायको. त्यांनी माझा हात स्वतःच्या मांडीवर घेतला, बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग म्हणाल्या, "सुनंदा, ते रोटी मोडतेत अन् ताटात ठेवून देतेत. कोनी मशीन पाहाले चाला म्हनलं का हाकलून देतेत. मी इचारलं त म्हनतेत, तू चूप राह्य. मले काही समजून नाई राह्यलं. तू येऊन पाह्य ना एकडाव."

मी गेले. दुकानात ते एकटेच होते. मोटारीत तार भरत होते. मला बघून उठले नाहीत, हात थांबला नाही. तार फिरवत राहिले आणि खाली बघूनच बोलले.

"मले मालूम होतं."

"काय मालूम होतं?"

"टेबल लवते. त्याले खालून धरनारा ब्रॅकेट पातळ पत्र्याचा होता. अंगठा लावला अन् मले समजलं."

मला क्षणभर ऐकूच आलं नाही, म्हणजे शब्द ऐकू आले, अर्थ आला नाही. मग आला.

"मंग सांगतलं काऊन नाई?"

तार थांबली. "मी पास म्हनून बसलो होतो, ताई. एवढे लोक उभे. तो एक जन म्हनत होता, चाचा, आमाले बी पाहून द्या. आता कोन्या तोंडानं म्हनू का थांबा, माहं चुकलं? मले शरम वाटली. मनात म्हनलं, घरी नेल्यावर मांगून एक जाड पट्टी वेल्ड करून देतो, कोनाले समजनार नाई. मंग घरी आनली. तुमी खूश होत्या. प्रकाशभाऊ खूश. तवा बी शरम वाटली. आज करू, उद्या करू..." ते थांबले. "तवाची शरम एवढीशी होती. तेवढी मले सोसली नाई."

मी त्यांना समजून घेतलं असं लिहायला मला आवडलं असतं. मी समजून घेतलं नाही. माझा आवाज इतका चढला की समोरच्या पानठेल्यावरची माणसं वळून बघायला लागली. मी म्हटलं, "मी रोज रडून राह्यली का माहं काय चुकलं. बोटं गेली ते गेली. पन माह्या बापानं शिकवलेलं काम मी लाजेनं सोडलं, अन् तुमी शटर लावून बसले?" त्यांनी डोळ्यांतलं पाणी पुसलं नाही की लपवलं नाही. मी निघून आले.

घरी येऊन मी प्रकाशना सगळं सांगितलं. ते फारसं बोलत नाहीत. दोन दिवसांनी म्हणाले, "ते मशीन घरात नको. विकून टाकतो." मीही हो म्हटलं. टेबल लवतं हे घेणाऱ्याला सांगायचं की नाही, यावर आम्ही बोललो नाही. दोघांनाही ते सुचलं असणार, पण बोललो नाही.

संग्रामपूरकडचा एक वेल्डर तयार झाला. भला माणूस होता, टेम्पो घेऊन आला, सोबत बायकोही होती. ती मशीनकडे कौतुकाने बघत होती. मशीन उचलायला गल्लीतली माणसं जमली. प्रकाशनी बटण दाबून दाखवलं, पट्टा छान मधोमध पळाला. वेल्डर म्हणाला, "हे मुख्तारभाईनं पास केलेलं हाय म्हने?" प्रकाशनी हो म्हणून मान हलवली. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी मुख्तारभाई दिसले. त्यांना कुणी सांगितलं ते मला आजतागायत माहीत नाही. ते पळत नव्हते, त्या वयात पळणं होत नव्हतं, पण धाप लागली होती.

"थांबा," ते म्हणाले. "उचलू नका."

सगळे थांबले. त्यांना बसायला कुणीतरी स्टूल दिलं, ते त्यांनी बाजूला सारलं. मशीनजवळ गेले, टेबलावर अंगठा ठेवला आणि सगळ्यांना दिसेल असा दाबला. टेबल लवलं.

"पाह्यलं? हे मीनं दुकानातच पाह्यलं होतं. पास म्हनून झालं होतं, म्हनून बोललो नाई. या ताईची बोटं माह्या शरमेपायी गेली." ते वेल्डरच्या बायकोकडे वळले. "बाई, ही मशीन तुमच्या घरी गेली त तुमच्या घरात कोनाचा तरी हात जाईन. मुख्तारनं पास केली म्हनून घेऊ नका. मुख्तार झूट बोलला होता."

गल्लीतली ती सगळी माणसं त्यांना वर्षानुवर्षं ओळखणारी. त्यांतल्या निम्म्यांच्या घरी त्यांनी पास केलेलं काही ना काही होतं. काशीबाईंनी तोंडाला पदर लावला. एकजण हळूच म्हणाला, "मंग आमची चक्की?" मुख्तारभाईंनी ते ऐकलं. "तुयी चक्की चांगली हाय. पन तुले भेव वाटत असन त मी उद्या येतो, परत पाहू. सगळ्यायच्या घरी येतो."

वेल्डर रिकामा टेम्पो घेऊन गेला. जाताना त्याने मुख्तारभाईंना हात जोडले, आणि त्यामुळे आम्हा नवरा-बायकोला वर बघता येईना. जे बोलायची आमची हिंमत नव्हती ते दुसऱ्या कुणी येऊन आमच्या अंगणात बोलून गेलं होतं. प्रकाश रागावले होते, माणसांसमोर असं झालं म्हणून. संध्याकाळपर्यंत राग ओसरला. जेवताना म्हणाले, "आपन त्या बाईले फसवलं असतं." बस, एवढंच.

मुख्तारभाई खरंच घरोघरी गेले. एवढ्या वर्षांत निवडून दिलेली मशीनं पुन्हा तपासली. काही ठिकाणी लोक हसले, एका ठिकाणी दार उघडलं नाही. बाजारात टारगट पोरं मागून "पास!" असं ओरडायची. ते वळून बघायचे नाहीत, पण मान खाली जायची. पूर्वी ज्या शब्दाने छाती फुगायची तोच शब्द आता पाठीत बसायचा. माझ्या त्या मशीनचं त्यांनी काय केलं? सगळं खोललं. मोटार चांगली होती ती एका उसाच्या रसवंतीवाल्याला बसवून दिली, बाकीचं भंगारात घातलं. जाड पट्टी वेल्ड करून ते वापरता आलं असतं का, असं मी विचारलं. म्हणाले, "आलं असतं. पन तुमी त्याच्यावर हात ठेवला नसता. मी बी ठेवला नसता."

मग एक दिवस मीच त्यांना म्हटलं, "मले दुसरी मशीन घ्याची हाय. तुमी चाला."

ते घाबरल्यासारखे झाले. "मी? मी नाई. दुसऱ्या कोनाले घेऊन जा."

"दुसऱ्याले बी अंगठ्यानं समजन, पन तो सांगन का?"

ते उठले. "कपडे बदलून येतो."

या खेपेला आम्ही जळगावला गेलो. पिशवी नव्हती, ग्लास नव्हता. आणि मुख्तारभाई, जे पूर्वी मिशीतल्या मिशीत हसत शेवटी एक शब्द बोलायचे, ते आता पहिल्यापासून बोलत सुटले. जे दिसेल ते मोठ्याने. "टेबलाचा लोखंड जाड हाय, चांगलं. दाबून पाहा ताई, तुमी दाबा, दोन्ही हातानं दाबा. फट किती हाय? पातं जाईन का तिच्यात? हे चाक जरा गरम वाटून राह्यलं, मले बरोबर समजून नाई राह्यलं, बेअरिंग असन नाईतर पट्टा ताठ असन. मघाशी मी चांगलं म्हनलं होतं ते मांग घेतो." पट्ट्याला झाकण का नाही, बंद करायचं बटण गुडघ्याने दाबता येईल का, पट्टा वरून खाली पळतो की खालून वर. दुकानातला पोरगेला मालक कंटाळला. "चाचा, मशीन घ्याची हाय का पोरीची सोयरीक करून राह्यले?" सगळे हसले. मुख्तारभाईंचे कान लाल झाले. मला वाटलं, आता गप्प बसतील. ते म्हणाले, "सोयरीकच हाय, बेटा. परत ते झाकन उघड."

दोन दुकानं सोडून तिसऱ्यात आम्हाला हवं ते मिळालं. जड, साधं, टेबल दाबलं तर मीच मागे सरकत होते. मी त्यांच्याकडे बघितलं. ते पास म्हणाले नाहीत, पुढे कधीच म्हणाले नाहीत. "तुमाले काय वाटते?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, घेऊ.

शेडचं कुलूप निघालं. पहिल्या दिवशी मी बटण दाबलं तेव्हा मुख्तारभाई दाराशी पाठ करून उभे होते, त्यांना बघवत नव्हतं. दोन बोटं आखूड झालेल्या हाताने पातं कसं धरायचं ते मी पुन्हा शिकले. बाजारात बसले. पदर खांद्यावरच राहू दिला. कुणी विचारलं तर सांगायची, मशीन खराब होतं.

जळगावहून परतीच्या गाडीत की त्यानंतर कधीतरी, मी त्यांना म्हटलं होतं, "मुख्तारभाई, माह्या मनात आता काही नाई. तुमी बी सोडून द्या." खिडकीतून कपाशीची शेतं मागे जात होती, म्हणजे गाडीतच असणार. ते म्हणाले, "तुमी माफ केलं, ते तुमचं मन मोठं. पन शरम मले राहू द्या, ताई. तिच्यानं माहं तोंड उघडते. आंधीची शरम तोंड बंद करे."

आणि ती त्यांनी खरंच ठेवली. माझ्या घरी आले की, डावा हात नजरेस पडू नये म्हणून, माझ्या उजव्या बाजूला बसत. ईदला शमीमभाभी शीरखुर्मा घेऊन येत तेव्हा ते दारातच रेंगाळत. लोक पुन्हा त्यांना मशीन बघायला नेऊ लागले होते, आधीपेक्षा कमी, पण नेऊ लागले होते. निघण्यापूर्वी ते प्रत्येकाला माझी गोष्ट सांगत, नाव न घेता. "मी एकडाव चुकलो अन् बोललो नाई. हे आइकून घ्या, मंग मले न्याचं का नाई ते ठरवा." कुणी म्हणे, चाचा, जुनं कशाला उकरता? ते म्हणत, "जुनं नाई. तुमच्यासाठी नवीनच हाय ना?"

मागच्या हिवाळ्यात ते गेले. छातीत दुखलं, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. प्रकाश कब्रस्तानात जाऊन आले. मी शमीमभाभींजवळ बसले होते. आलेल्या बाया एकमेकींना त्यांच्या गोष्टी सांगत होत्या, चक्की कशी निवडून दिली, पंप कसा नाकारला. एकीने विचारलं, "तुमचे कोन लागत होते?" मला पटकन सांगता आलं नाही. भाभीच म्हणाल्या, "हिचे भाई होते."

यंदा उन्हाळ्यात अमडापूरच्या दोन बहिणी माझ्याकडे आल्या. त्यांना शेतीची अवजारं करायची आहेत, पट्ट्याचं मशीन घ्यायचं आहे, मुख्तारभाई नाहीत म्हणून कुणीतरी माझं नाव सांगितलं. मी त्यांच्यासोबत दुकानात गेले. त्याआधी त्यांना उभं करून कोपरं मोजली होती, काय घासणार ते विचारून घेतलं होतं. एक मशीन मला फार आवडलं. मालक माझं कौतुक करत होता, या ताईंना किती समजतं म्हणून. त्या दोघी माझ्याकडे देवाकडे बघावं तशा बघत होत्या. मी म्हटलं, "घ्या, काही पाहू नका." मोठीने पर्समधून पैसे काढले. मी सहज पट्टा हाताने फिरवून पाहिला, आणि वरच्या चाकाला किंचित खेळ होता, ते आपल्या जागी हलत होतं. अगदी किंचित. कदाचित काही झालंही नसतं.

माझे कान तापले. मालक बघत होता, त्या दोघी बघत होत्या, मागे आणखी तिघे-चौघे उभे होते. एवढीशी शरम किती जड असते ते मला त्या दुकानात कळलं.

"थांबा," मी म्हटलं. "माहं चुकलं. हे नका घेऊ."

मालक हसला. मागून कुणीतरी म्हणालं, "आताच त घ्या म्हनल्या." दोघी बहिणी एकमेकींकडे बघायला लागल्या आणि पैसे पर्समध्ये परत ठेवताना धाकटीने माझ्याकडे पाहिलंही नाही. परत येताना बसमध्ये त्या माझ्याशी फारसं बोलल्या नाहीत.